अंटार्क्टिकाला पहिल्यांदाच निघालात? मग हे जरा वाचून जा

सगळ्यात आधी एक, जॅकेट विकत घेऊ नका. सिलेक्शनचं कळलं की पोरं पहिल्याच रविवारी फोर्टात नाहीतर कुठल्यातरी मॉलात जाऊन आठ-दहा हजारांचं फुगलेलं जॅकेट घेऊन येतात, आई ते अख्ख्या मजल्याला दाखवते, आणि मग ते जॅकेट तिथे वर्षभर बॅगेच्या तळाशी पडून राहतं. बाहेर घालायचे कपडे, बूट, हातमोजे, गॉगल हे सगळं मोहिमेकडून मिळतं आणि ते मॉलवाल्यापेक्षा कितीतरी बरं असतं.

मी डिझेल मेकॅनिक. पंधरा वर्षं मुंबईत एका बसडेपोत इंजिनाखाली झोपून काढली आणि मग एक हिवाळा मैत्रीवर, म्हणजे अंटार्क्टिकावरच्या आपल्या स्टेशनवर केला, जाऊन येऊन तेरा-चौदा महिने घराबाहेर. तेव्हापासून ओळखीतून ओळख काढत नवीन पोरं फोन करतात, गेल्या महिन्यात भांडुपचा एक इलेक्ट्रिशियन दीड तास बोलत होता, त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतोय. शास्त्रज्ञ नाहीये मी, त्यामुळे विज्ञान कमी आणि पाण्याचे पाइप जास्त येतील, चालवून घ्या.

पायरी १ – चाललोय कुठे ते नीट समजून घ्या

आपली अंटार्क्टिकावर सध्या दोन स्टेशनं चालू आहेत. मैत्री १९८९ पासून, शिर्माखर ओॲसिस नावाच्या खडकाळ पट्ट्यात, समुद्रापासून साधारण १०० किलोमीटर आत. भारती २०१२ पासून, लार्समन हिल्सवर, समुद्राला लागूनच, १३४ कंटेनर जोडून बांधलेलं. दोघांत अंतर साधारण ३००० किलोमीटर, म्हणजे "भारतीवर आपला एक मित्र आहे, चक्कर मारून येऊ" असलं काही नसतं. त्याआधी दक्षिण गंगोत्री होतं, १९८३-८४ च्या मोहिमेत उभारलेलं, पण ते होतं तरंगत्या बर्फाच्या शेल्फवर, बर्फ साचत साचत गाडलं गेलं आणि शेवटी बंद करावं लागलं. म्हणून मैत्री खडकावर आहे आणि वर खांबांवर उभी आहे, वारा खालून निघून जातो, भिंतीला बर्फाचा ढीग लागत नाही.

अस्वलं तिथे नाहीत. ती उत्तरेला, जिथे आपलं हिमाद्री स्टेशन आहे, नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच फोटोत टाकून तुम्हाला फॉरवर्ड करणाऱ्या नातेवाइकांना एकदा समजवा आणि सोडून द्या. आणि "हे मुलींचं काम नाही" म्हणणारे कोणी भेटले तर सांगा की १९८३-८४ च्या त्याच मोहिमेत नागपूरच्या अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता जाऊन आल्यात, आणि इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये भारतीवर ४०३ दिवस राहिल्यात.

जातं कोण? साधारण अर्धे शास्त्रज्ञ, अर्धे आपण, म्हणजे डॉक्टर, कुक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, प्लंबर, सुतार, गाड्यांवाले, जनरेटरवाले. जाहिरात गोव्याला वास्कोमध्ये राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे त्यांच्या वेबसाइटवर येते, तीच बघायची. कोणी "मी लावून देतो, थोडे पैसे लागतील" म्हणाला तर फोन ठेवून द्या.

पायरी २ – मेडिकल, आणि दात

मेडिकल दिल्लीला एम्समध्ये होतं, डोक्याचंही होतं, म्हणजे सायकॉलॉजीवाले बसवून प्रश्न विचारतात. तिथे हुशारी दाखवायला जाऊ नका, झोप कशी लागते विचारलं तर जशी लागते तशी सांगा. मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत ट्रेनिंग, दोर बांधणं, बर्फाच्या भेगेत पडलेल्याला वर काढणं, पाठीवर ओझं घेऊन चढणं. आयुष्यात सगळ्यात उंच दादरचा पूल चढलेल्या माणसाला पहिले तीन दिवस जड जातात. निघायच्या दोन महिने आधीपासून जिने चढायला लागा, लिफ्ट विसरा.

दात मात्र मुंबईतच सगळे नीट करून घ्या, जरा ठणकतोय, बघू नंतर, असं करू नका. मार्च ते ऑक्टोबर तिथे कोणी येत नाही आणि तिथून कोणी जात नाही. डॉक्टर असतो, छोटं ऑपरेशन करता येईल इतकी सोय असते, पण डॉक्टर एकटा. मैत्रीपासून पाच-सहा किलोमीटरवर रशियनांचं नोवोलाझारेव्हस्काया स्टेशन आहे, तिथे १९६१ च्या एप्रिलमध्ये रोगोझोव नावाच्या डॉक्टरला स्वतःलाच अपेंडिक्स झाला आणि दुसरा डॉक्टर नव्हता म्हणून त्याने आरशात बघून स्वतःचं ऑपरेशन स्वतः केलं. जगला तो. आमचे डॉक्टरसाहेब ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे आणि वर म्हणायचे, "मला ही वेळ आणू नका रे."

पायरी ३ – घरची कामं, हे कोणीच सांगत नाही

तुमचं सिमकार्ड. तिथे ते चालणार नाही आणि इकडे बरेच दिवस वापरलं नाही तर नंबर बंद पडतो, आणि बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग, सगळं त्याच नंबरवर. सिम घरच्या एखाद्या जुन्या फोनमध्ये टाकून बायकोकडे किंवा भावाकडे द्या आणि रिचार्ज करायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. होम लोनचा हप्ता ऑटोला लावा. इन्कम टॅक्स रिटर्न तुम्ही नसताना भरायचंय, कागद सीएकडे देऊन जा. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं काही चालू असेल तर मुखत्यारपत्र करून ठेवा. आमच्या एकाच्या बिल्डिंगची मीटिंग तो जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, अंधारात बसलेला असताना झाली आणि सही कोणाची यावरून घरात भांडणं, तो तिकडून सॅटेलाइट फोनवर काय करणार होता?

चष्मा असेल तर दोन, आणि फ्रेम प्लास्टिकची, धातूची थंडीत गालाला चिकटते. रोजच्या गोळ्या वर्षभराच्या. स्टेशनात घालायला साधे सुती कपडे आणि स्लीपर, कारण आत हीटिंग असतं, टी-शर्टवर फिरता. बाहेर जाताना मात्र सुती काहीही अंगाला लागता कामा नये, घाम धरून ठेवतं आणि तोच घाम मग गारठवतो. व्हॅसलिन भरपूर. घरचे फोटो प्रिंट काढून न्या, मोबाइलमधले बघितले जात नाहीत, का कोण जाणे. गोडा मसाला आणि मेतकूट न्या, पण पॅकबंद. कुंडी, माती, तुळशीचं रोप अजिबात नाही. अंटार्क्टिक कराराच्या पर्यावरण प्रोटोकॉलमध्ये बाहेरची माती नेण्यावर बंदी आहे, बुटाच्या खाचेतलं आणि वेल्क्रोत अडकलेलं बीसुद्धा साफ करून घेतात. बॅग नवी नसेल तर तिचे कोपरे घरीच व्हॅक्यूम करा.

पायरी ४ – प्रवास, म्हणजे वाट बघणं

मुंबई ते केपटाउन साधं विमान. तिथून पुढे नोवोच्या, म्हणजे त्या रशियन स्टेशनाजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर, बहुतेकदा इल्युशिन-७६ या मालवाहू विमानातून, पाच-सहा तास, आत लोकलच्या फर्स्ट क्लासपेक्षा कमी आराम आणि सेकंड क्लासपेक्षा जास्त आवाज. उतरायच्या आधी सगळं चढवून बसायचं कारण दार उघडलं की लगेच ती थंडी. काही जण जहाजाने जातात, त्यांनी उलटीच्या गोळ्या न्याव्यात, दक्षिणेचा समुद्र कोणाची गय करत नाही.

पण मुंबईच्या माणसाला खरा त्रास केपटाउनला होतो. हवामान नाही म्हणालं की विमान नाही. आज नाही, उद्या सकाळी सांगू, उद्या सकाळी परत नाही. आमची टीम बॅगा भरून चार वेळा बसली आणि चार वेळा उठली. आपल्याला ९:०२ ची गेली की ९:०५ असते, तीन मिनिटं उशीर झाला तरी जीव खालीवर होतो, आणि इथे तर कोणाला विचारायची सोयच नाही. ही सवय केपटाउनलाच मोडली तर बरं, कारण पुढे वर्षभर हेच आहे, वारा थांबेल तेव्हा काम, नाही थांबला तर चहा.

पायरी ५ – पहिले पंधरा दिवस

बाहेर पडताना बोर्डवर नाव, कुठे, किती वाजता परत, हे लिहायचं आणि वॉकीटॉकी घ्यायची, पन्नास पावलांवर जायचं असलं तरी. आल्यावर नाव पुसायचं. माझ्याकडून पहिल्या आठवड्यात पुसायचं राहिलं, मी आत अंथरुणात, आणि बाहेर तिघं जण टॉर्च घेऊन मला शोधत होते. स्टेशन लीडर काही बोलले नाहीत, फक्त तिघांना चहा मला करायला लावला. परत विसरलो नाही.

वारा हा थंडीपेक्षा मोठा विषय. उणे २० तापमान आहे आणि ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे तर उघड्या चामडीला ते उणे ३५ सारखं लागतं, आणि ब्लिझर्डमध्ये, म्हणजे बर्फाच्या वादळात, वारा शंभराच्या वर सहज जातो. तेव्हा समोर सगळं पांढरं, स्वतःचा हात लांब केला तर ग्लोव्हचा रंग कळत नाही. इमारतींच्या मध्ये दोर बांधलेले असतात, तो दोर हातात धरूनच चालायचं. रस्ता पाठ आहे म्हणून दोर सोडणारा माणूस भेटला तर त्याला तिथेच शिव्या द्या, माझ्याकडून परवानगी आहे. जोडीदाराच्या नाकाकडे, गालाकडे बघत राहा, पांढरा ठिपका दिसला की हिमदंशाची सुरुवात, त्याला स्वतःला काही जाणवत नसतं. आत आणायचं, हळूहळू ऊब द्यायची, चोळायचं नाही.

हवा इतकी कोरडी की सगळीकडे करंट बसतो. दाराच्या कडीला, चमच्याला, दुसऱ्या माणसाला. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी अर्थिंगच्या धातूला लावा, आणि इंधन भरताना तर अर्थिंगची वायर लावल्याशिवाय नोझल उचलायचंच नाही. आग ही तिथली सगळ्यात वाईट गोष्ट, लाकूड, फोम सगळं वाळून कोळ झालेलं असतं आणि विझवायला बाहेर आहे तो नुसता बर्फ. फायर ड्रिलची घंटा रात्री तीनला वाजली तरी कुरकुर न करता बाहेर या.

पायरी ६ – काम, आणि माझी चूक

मेकॅनिकांसाठी: साधं डिझेल त्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं, म्हणून तिथे विमानाच्या इंधनाच्या जातीचं इंधन वापरतात. पिस्टन बुली, म्हणजे ती पट्ट्यांवर चालणारी बर्फातली गाडी, सुरू करायच्या आधी तासभर तरी प्रीहीट. ओढून वायर काढू नका, रबर बिस्किटासारखं तुटतं. तेरा नंबरचा पाना उघड्या हाताने धरलात तर कातडी पान्यालाच राहील, आत पातळ लायनर ग्लोव्ह कायम ठेवा. नट बर्फात पडला तर तो पडतो तिथे दिसत नाही, नुसतं एक छोटं भोक दिसतं, नटाच्या आकाराचं. त्या भोकात बोट घालू नका, मोठं होतं आणि नट खाली जातो. दोरीला बांधलेलं लोहचुंबक खिशात ठेवा.

आता पाणी. मैत्रीसमोर प्रियदर्शिनी तळं आहे, हिवाळ्यात वर जाड बर्फ पण खाली पाणी असतं, ते पंपाने पाइपातून स्टेशनात येतं. पाइपाभोवती गरम करणारी केबल गुंडाळलेली आणि त्यावर लॅगिंग, म्हणजे थंडी अडवणारं जाड वेष्टण. ही केबल बंद पडली की संपलं. जूनमध्ये एके संध्याकाळी त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा विजेचा स्विच, पडलेला दिसला, मी वर केला, राहिला, आणि मी मनात म्हटलं उद्या बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी किचनचा नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. बाहेर उणे २८, वारा, अंधार. लॅगिंग फूटफूट उघडत गेलो, गरम हवेचा ब्लोअर मारत, हवामानखात्याचा माणूस वाऱ्याला आडवी ताडपत्री धरून उभा, डॉक्टरसाहेबांच्या हातात टॉर्च, आणि कुक थर्मास घेऊन आला तर कपात ओतलेला चहा तोंडापर्यंत जाईतो कोमट. तिसऱ्या एल्बोत, म्हणजे पाइपाच्या वळणात, बर्फाचा बुच सापडला, मनगटाएवढा. पाच तास लागले. पाइप फुटला नाही हे नशीब, माझं कर्तृत्व काही नाही त्यात. नऊ माणसांनी दिवसभर तोंड धुतलं नव्हतं आणि कोणी एक शब्द बोललं नाही, ते जास्त लागलं.

शास्त्रज्ञांच्या कामात मदत करावी लागते, आवडीने करा. ओझोन मोजायचा फुगा सोडताना वाऱ्यात धरायला चार हात लागतातच. आणि पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेची एक झोपडी असते, पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी, तिच्यात लोखंडाचा खिळासुद्धा नाही. तिथला पोरगा मला दारातच अडवायचा, "काका, चावी बाहेर. पट्टा पण. फोन पण." मला वाटायचं काय नखरे आहेत, मग त्यानेच सांगितलं की हेच मोजमाप आधी आपल्या कुलाब्याला व्हायचं, मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या आल्या तर त्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. ट्रामने कुलाब्याचे काटे हलतात तर माझ्या पिस्टन बुलीने काय होईल! तेव्हापासून गाडी लांबून वळवायला लागलो.

पायरी ७ – गॅली ड्युटी आणि पोट

गॅली म्हणजे स्वयंपाकघर, तिथे प्रत्येकाची पाळी येते, लीडरची पण. भांडी, पोछा, भाज्या चिरणं, संडास, कचरा. कचरा वेगळा करायचा तो अगदी नीट, कारण तो जहाजाने परत न्यायचा असतो, तिथे काही टाकून यायचं नाही. कोंबडीची हाडं, अंड्याची टरफलं बाहेर नको, स्कुआ नावाचे पक्षी टपलेलेच असतात आणि त्यांना खायला घालणं बंद आहे. पीएचडीवाला आणि वेल्डर एकाच सिंकवर उभे राहून कढई घासताना जी ओळख होते ती औलीच्या ट्रेनिंगमध्ये पण होत नाही. चाळीत राहिलेल्या माणसाला हे सगळं सोपं जातं, नळाची पाळी, दुसऱ्याचं घोरणं, भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येऊनही न ऐकल्यासारखं करणं. ब्लॉकमध्ये वाढलेल्यांना जरा वेळ लागतो.

जेवण चांगलं असतं, तक्रार नाही. फक्त ताजं काही नाही, उन्हाळ्यातला शेवटचा कांदा-टोमॅटो संपला की फ्रोझन आणि डब्यातलं. आम्ही जनरेटरच्या उबेजवळ मटकीला मोड आणायचो. पहिल्यांदा उसळ झाली तेव्हा पंजाबचा ऑपरेटर तीन वाट्या खाऊन म्हणाला, ये कौनसी दाल है जिसकी पूंछ है. गणपतीला मूर्ती शाडूची नेता येत नाही आणि विसर्जन तर नाहीच नाही, मी पितळेची चार इंचाची नेली होती, दीड दिवस टेबलावर बसवली आणि परत कपाटात.

पत्र पाठवा घरी, शक्य असेल तर. पोस्टाची सोय आहे, भारतीवर एप्रिल २०२४ मध्ये शाखा सुरू झाली, तिचा पिनकोड एमएच-१७१८, म्हणजे टपालाच्या हिशोबात तुम्ही महाराष्ट्रातच.

पायरी ८ – अंधार

मैत्रीवर मेच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत, साधारण दोन महिने, सूर्य वर येत नाही. दुपारी थोडा वेळ उत्तरेला लालसर होतं, तेवढंच. झोप बिघडते, शब्द विसरतात, माणूस भिंतीकडे बघत बसतो, हे होतं सगळ्यांनाच. उपाय साधा आहे: जेवायला तीनही वेळा टेबलावर यायचंच, भूक नसली तरी. दाढी करा. खोलीत एकट्याने पिक्चर बघत पडू नका, हॉलमध्ये बघा. ज्याच्या घोट पिण्याच्या आवाजाचा तुम्हाला राग येतो त्याला आवाजाबद्दल बोलू नका, जागा बदला. २१ जूनला मिडविंटर, सगळ्या देशांची स्टेशनं एकमेकांना शुभेच्छा पाठवतात, मोठं जेवण होतं, त्या दिवसासाठी एक बरा शर्ट राखून ठेवा. आणि आकाश मोकळं असेल आणि कोणी ऑरोरा (आकाशातला रंगीत झगमगाट) म्हणून ओरडलं तर जेवण टाकून बाहेर पळा. पण बोर्डवर नाव लिहून.

घरी फोनवर रोजचं बोलणं होत नाही तेच बरं, मला वाटतं. इकडे छत गळतंय हे तिकडे कळून तुम्ही काय करणार.

पायरी ९ – परत यायच्या आधी

नोव्हेंबरमध्ये नवी टीम यायला लागते, भाज्या घेऊन, आणि तुम्हाला त्यांचा आवाज फार मोठा वाटतो. त्यांच्यावर खेकसू नका, आपणही तसेच आलो होतो. कपडे, बूट परत जमा करायचे असतात, यादी आधीच जुळवून ठेवा. मुंबईत उतरलात की पहिले दोन आठवडे गर्दीची लोकल टाळा.

आणि हँडओव्हर नीट लिहा. कुठला बोल्ट उलट्या आट्यांचा, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो, कुठला स्पेअर कुठल्या खोक्यात, सगळं. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या वहीची शेवटची ओळ अशी होती: "तळ्याची लाइन, तिसरा एल्बो. एमसीबी एकदा जरी पडला तरी त्याच दिवशी उघडून बघणे." पुढच्या जूनमध्ये माझ्या जागी गेलेल्या रत्नागिरीच्या पोराने त्या पानाचा फोटो पाठवला. खाली लाल पेनाने लिहिलं होतं, "काका, अजून पडतो."